लबलब्याची खबर : मलपरीक्षेविषयी दोन शब्द

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



व्यासपीठावरून सहसा कोणी बोलत नाही अशा विषयावर मी आज बोलणार आहे. विषय आहे मलाची तपासणी. आणि तीही जंत किंवा आव शोधण्यासाठी केलेली नव्हे, तर पोटात खोलवर दडलेली एक ग्रंथी आपले काम करते आहे की नाही, हे पाहण्यासाठी केलेली. विषय ऐकून काही विद्यार्थी हसतील, काही भगिनी मान खाली घालतील. हसायला हरकत नाही. परंतु या हसण्याच्या आणि लाजण्याच्या आड एक आजार वर्षानुवर्षे लपून राहतो आणि चांगली तरणी मुले डोळ्यांदेखत वाळत जातात. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

आपल्या पूर्वजांना या विषयाची लाज नव्हती, हे प्रथम सांगितले पाहिजे. युनानी वैद्यकात हकीम नाडी पाहत, त्याचप्रमाणे रुग्णाचा कारूरा म्हणजे लघवी आणि बराज म्हणजे मल यांचीही चौकशी करीत. इब्न सीना यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या ‘अल्-कानून’ या ग्रंथात नाडी आणि मूत्र यांच्या बरोबरीने मलाच्या रंगरूपाचाही विचार केलेला आहे. एवढ्या मोठ्या विद्वानाला जी गोष्ट लिहिण्यास कमीपणा वाटला नाही, ती डॉक्टरांना सांगण्यास आपण का लाजावे?

लबलबा म्हणजे काय?

ज्या ग्रंथीविषयी मी बोलतो आहे तिला मराठीत स्वादुपिंड म्हणतात. उर्दूत तिचे नाव लबलबा. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे, आडवी पसरलेली ही वीतभर लांबीची ग्रंथी वजनाला शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असते. इतक्या लहान अवयवाकडे दोन मोठी कामे सोपवलेली आहेत. पहिले काम इन्शुलिन तयार करून रक्तातील साखर ताब्यात ठेवण्याचे. हे काम ज्या पेशींच्या बेटांत चालते ती बेटे पॉल लांगरहान्स याने १८६९ साली बर्लिनमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असतानाच शोधून काढली, हे येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरे काम पाचक रस तयार करण्याचे. दररोज सुमारे एक ते दीड लिटर रस या ग्रंथीतून एका नळीवाटे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरतो. त्या रसात निरनिराळी एन्झाइम, म्हणजे पाचक विकर असतात. पिष्टमय पदार्थांसाठी अमायलेज, मांस-डाळी यांतील प्रथिनांसाठी ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन आणि इलॅस्टेज, आणि तेल-तुपासाठी लायपेज. फ्रान्समधील शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सशांवर निरीक्षणे करून दाखवून दिले की स्निग्ध पदार्थांच्या पचनात स्वादुपिंडाचा रस मोठे काम करतो. सशाच्या शरीरात ही नळी आतड्यात बरीच खाली उघडते. स्निग्ध आहारानंतर आतड्याकडून निघणाऱ्या बारीक वाहिन्या पांढऱ्या दिसू लागल्या त्या त्या नळीच्या खालच्या भागापासून, वरच्या भागात नाहीत. यावरून त्यांनी हे अनुमान बांधले.

आता प्रश्न असा, की पोटाच्या एवढ्या आत असलेल्या ग्रंथीचा रस पुरेसा उतरतो आहे की नाही, हे बाहेरून कसे कळावे? आपल्या शहरातील पाणचक्की आठवा. कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगराकडून जमिनीखालच्या नळांतून पाणी येते. तो नळ कोणी पाहिलेला नसतो. परंतु हौदात पाणी किती जोराने पडते हे पाहिले की वरचा झरा आणि मधला मार्ग यांची खबर मिळते. लबलब्याच्या बाबतीत मल हा तसा हौद आहे. वरून किती पाचक रस आला, त्याने काय काम केले आणि काय राहून गेले, याची निशाणी तेथे उमटते.

रस कमी पडला म्हणजे काय होते?

निसर्गाने या ग्रंथीला भरपूर शिल्लक देऊन ठेवलेली आहे. अमेरिकेतील संशोधकांनी १९७३ साली दाखवून दिले की लायपेजचे प्रमाण मूळच्या सुमारे दहा टक्क्यांच्या खाली गेल्यावरच मलात चरबी वाढू लागते. याचा अर्थ असा, की दहा आण्यांचे नव्हे, चौदा आण्यांहून अधिक नुकसान झाल्यावर घरच्यांना लक्षण दिसते. ते दिसल्यावरही आपण गप्प बसलो, तर उरलेल्या दीड-दोन आण्यांचाही भरवसा राहत नाही.

लक्षण कोणते, ते स्पष्टच सांगतो. मल नेहमीपेक्षा पुष्कळ, फिकट, चिकट आणि फार दुर्गंधीचा होतो. पाणी ओतूनही तो सहज जात नाही. कधी कधी नान-खलियाच्या रश्श्यावर तर्री तरंगावी तसे तेलाचे थेंब पाण्यावर दिसतात. केवळ मल तरंगला म्हणून घाबरू नये. वायूमुळेही तो तरंगतो. परंतु वरील लक्षणे आठवड्यामागून आठवडे टिकली, जोडीला वजन घटत गेले आणि पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारे दुखणे वारंवार उठू लागले, तर ती गोष्ट साध्या अपचनाची राहिली नाही असे समजावे. चरबी पचत नाही तेव्हा तिच्यासोबत शोषली जाणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाया जातात. मग रात्रीचे कमी दिसते, हाडे ठिसूळ होतात, जखमेचे रक्त लवकर थांबत नाही.

अशा वेळी आपल्या घरांत काय होते? मुलगा वाळला म्हणून आई त्याच्या ताटात आणखी तूप वाढते. ते पचत नाही, तक्रार वाढते. कोणी म्हणते नजर लागली, कोणी चूर्ण आणून देतो, कोणी जंताचे औषध तिसऱ्यांदा पाजतो. मुलगी असेल तर ती बोलतच नाही. एकत्र कुटुंबात एकच संडास, त्यात अशी तक्रार आईजवळ तरी कशी करावी? आणि रिश्ता जुळायचा असेल, तर आईच तिला गप्प बसायला सांगते. अशी दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. ही वर्षे स्वादुपिंडाला परत मिळत नाहीत.

आपल्या देशातील इतिहास

हा आजार परदेशातील आणि केवळ दारू पिणाऱ्यांचा, अशी एक समजूत आहे. जगभर दीर्घकाळच्या स्वादुपिंडदाहाचे दारू हे मोठे कारण आहे आणि धूम्रपानाने तो वाढतो, हे खरे. परंतु दारूचा थेंबही न घेणाऱ्या मुलांत आणि तरुणांत या ग्रंथीत खडे होण्याचा एक प्रकार उष्ण कटिबंधातील देशांत आढळला. इंडोनेशियातील अशा रुग्णांचे वर्णन झुइडेमा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. पुढे केरळमध्ये डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी फार मोठ्या संख्येने असे रुग्ण तपासले आणि १९६८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. लहानपणी पोटदुखी, तरुणपणी मधुमेह आणि सोबत अपचन, असा या आजाराचा क्रम.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या स्वादुपिंडाची दोन्ही कामे, पाचक रसाचे आणि इन्शुलिनचे, मोजून पाहिली आणि १९९० साली ‘डायबेटोलॉजिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याच सुमारास, १९८९ साली, मद्रासच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी अशाच मधुमेही रुग्णांच्या मलातील कायमोट्रिप्सिन मोजून त्यांच्या पाचक शक्तीचा अंदाज घेतला. म्हणजे आज आपण ज्या मलपरीक्षेविषयी बोलतो आहोत ती आपल्या देशात तेव्हापासून उपयोगात आहे.

हैदराबादचेही नाव घेतले पाहिजे. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. औषधपाण्यासाठी तिकडे जाण्याची वाट आपल्या घरांना नवी नाही. तेथील ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी’ या संस्थेतील डॉ. गिरिराज चांडक आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले की या प्रकारच्या रुग्णांत ‘स्पिंक-१’ नावाच्या जनुकातील दोष वरचेवर आढळतो. हे जनुक ग्रंथीतील ट्रिप्सिनला वेळेआधी जागे होऊ न देणारा पहारेकरी तयार करते. पहारेकरी दुबळा असला की ग्रंथी आपल्याच रसाने पोळते. तेव्हा हा आजार कोणाच्या पापाची शिक्षा नाही, आईच्या हातच्या जेवणाचा दोष नाही, आणि रुग्णाने चोरून दारू घेतली असा संशय घेण्याचेही कारण नाही.

तपासण्या कोणत्या?

‘मल तपासून आणा’ एवढेच सांगितले, तर प्रयोगशाळेत साधी तपासणी होते. तीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी, अमीबा, पू, रक्तपेशी पाहतात. ही तपासणी निर्दोष आली याचा अर्थ लबलबा निरोगी आहे असा होत नाही. हा गैरसमज फार आहे, म्हणून पुन्हा सांगतो : जो प्रश्न विचारला नाही त्याचे उत्तर अहवालात नसते.

स्वादुपिंडासाठीच्या तपासण्या निराळ्या. सर्वांत सोपी म्हणजे मलाचा लहानसा अंश काचपट्टीवर घेऊन सुदान नावाचा रंग टाकणे. चरबीचे थेंब नारिंगी-तांबडे दिसतात. यातून अंदाज मिळतो, मोजमाप मिळत नाही.

दुसरी तपासणी तीन दिवसांची. रुग्णाला दररोज शंभर ग्रॅम स्निग्ध पदार्थांचा आहार देऊन सलग ७२ तासांचा सगळा मल गोळा करतात आणि त्यातील चरबी मोजतात. दिवसाला सात ग्रॅमपर्यंत चरबी निघाली तर ती योग्य समजतात. त्याहून अधिक निघाली तर पचन किंवा शोषण बिघडले आहे. हॉलंडमधील व्हॅन द कामेर आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली या मोजणीची पद्धत दिली. पद्धत विश्वासाची, पण तीन दिवसांचा मल डब्यात साठवणे रुग्णाला नकोसे, घरच्यांना नकोसे आणि खरे सांगायचे तर प्रयोगशाळेतील माणसालाही नकोसे. शिवाय चरबी का पचली नाही, दोष स्वादुपिंडाचा की आतड्याचा, हे तिच्यावरून कळत नाही.

तिसरी तपासणी कायमोट्रिप्सिनची, जिचा उल्लेख वर आला. तिच्यात अडचण अशी, की रुग्ण पाचक एन्झाइमच्या गोळ्या घेत असेल तर गोळीतील कायमोट्रिप्सिनही मोजले जाते. म्हणून काही दिवस गोळ्या बंद ठेवाव्या लागतात.

चौथी आणि आज सर्वाधिक वापरली जाणारी तपासणी म्हणजे मलातील इलॅस्टेज. हे विकर आतड्याच्या संपूर्ण प्रवासात फारसे मोडत नाही, म्हणून मलात त्याचा हिशेब लागतो. १९९० च्या दशकापासून ही तपासणी प्रचारात आली. पद्धत अशी : इलॅस्टेजलाच ओळखणारी प्रतिपिंडे लहान लहान खळग्यांच्या पट्टीवर बसवलेली असतात. कुलपाला आपली किल्ली बसावी तसे इलॅस्टेज त्यांना चिकटते. मग रंग आणणारे द्रव्य टाकतात. रंग किती गडद झाला हे यंत्र मोजते आणि त्यावरून आकडा निघतो. नेहमीच्या मोनोक्लोनल पद्धतीच्या चाचणीत केवळ मानवी इलॅस्टेज मोजले जाते. त्यामुळे एन्झाइमच्या गोळ्या बंद कराव्या लागत नाहीत. तीन दिवसांचा डबाही नको. एकदाच घेतलेला थोडासा नमुना पुरतो.

नमुना कसा द्यावा?

एके काळी लोक मलाचा नमुना काडेपेटीत घेऊन येत. कागदी पेटी ओल शोषून घेते आणि नमुना निकामी होतो. प्रयोगशाळेतून रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची स्वच्छ डबी मागून घ्यावी. आपल्याकडील बसक्या संडासात स्वच्छ कोरडा कागद किंवा प्लास्टिक पसरून त्यावर शौच करावे, म्हणजे लघवी किंवा पाणी मिसळत नाही. डबीच्या झाकणाला जोडलेल्या चमच्याने लहान बोराएवढा नमुना पुरे. डबी काठोकाठ भरू नये. नाव, वय, तारीख आणि वेळ लिहावी. हात साबणाने धुवावेत. नमुना लगेच द्यावा. काही कारणाने उशीर झाला तर इलॅस्टेज लवकर नासत नाही, परंतु अमीबा पाहायचा असेल तर मल ताजाच लागतो.

एक सूचना विशेष महत्त्वाची. जुलाब सुरू असताना किंवा जुलाबाचे औषध घेऊन या तपासणीसाठी नमुना देऊ नये. पातळ मलात इलॅस्टेज पाण्याने विरळ होते आणि निरोगी माणसाचाही आकडा खोटा खाली येतो. नमुना बांधलेला किंवा निदान घट्टसर असावा. जुलाब थांबतच नसतील तर तसे डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला सांगावे.

अहवाल कसा वाचावा?

अहवालात एक ग्रॅम मलात किती मायक्रोग्रॅम इलॅस्टेज आहे हा आकडा असतो. २०० च्या वर असेल तर सामान्यतः ठीक. १०० ते २०० हा मधला, शंकेचा पट्टा. १०० च्या खाली असेल तर रस बराच कमी पडत असण्याची शक्यता मोठी.

परंतु आकडा म्हणजे निदान नव्हे. ही तपासणी आजार पुढे गेलेला असताना चांगली पकडते. आरंभीचा सौम्य दोष पुष्कळदा तिच्या हातून निसटतो. उलट, आतड्याच्या काही विकारांतही आकडा खाली येऊ शकतो. आकडा खाली का आला, खडे आहेत की नळी अडली आहे की गाठ आहे, हे मल सांगत नाही. त्यासाठी पोटाचा एक्स-रे, सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन यांची गरज पडते. कर्करोग शोधण्याची तर ही तपासणी मुळीच नव्हे. म्हणून कोणी सांगितले म्हणून, किंवा तपासण्यांच्या एखाद्या मोठ्या यादीत आहे म्हणून, लक्षणे नसताना तिच्यावर पैसे खर्चू नयेत. पोटदुखी, वजन घटणे, तेलकट मल, किंवा सडपातळ तरुणात उद्भवलेला मधुमेह, यांपैकी काही असेल तर आपल्या डॉक्टरांना किंवा घाटी रुग्णालयातील औषधवैद्यक विभागाला विचारावे. तेथील डॉक्टर ठरवतील की ही तपासणी हवी की नको. आपल्या शहरात दिलेला नमुना पुष्कळदा मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवला जातो. अहवालाला काही दिवस लागतात, तेवढा धीर धरावा.

लहान मुलांच्या पालकांना एक वेगळे सांगणे आहे. मूल भरपूर खाते, पण वाढत नाही, मल तेलकट आहे आणि छातीचा कफ वारंवार होतो, असे असेल तर सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आनुवंशिक विकाराचा विचार डॉक्टर करतात. तेथेही इलॅस्टेजची तपासणी फार उपयोगी पडते. आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा विकार होतो; म्हणून जवळच्या नात्यातील लग्नांत त्याची शक्यता वाढते. ही गोष्ट कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. मुलाचे निदान लवकर व्हावे म्हणून सांगतो.

उपचार आणि एक नाजूक प्रश्न

तपासणी खरी ठरली तर पुढे काय? पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल. त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर आणि जेवणामध्ये घ्यायच्या. उपाशीपोटी किंवा जेवण उरकल्यावर घेतल्या तर अन्नाशी त्यांची भेटच होत नाही. मात्रा डॉक्टर ठरवतात. त्या नीट घेतल्या म्हणजे तेल-तूप कायमचे वर्ज्य करावे लागत नाही. साधे घरचे जेवण पचू लागते आणि वजन भरते. बाजारात जेवणानंतर घेण्याची जी पाचक सिरप मिळतात, त्यांत बहुधा बुरशीपासून काढलेले डायस्टेज आणि पेप्सिन असते. ती या कॅप्सूलची जागा घेऊ शकत नाहीत, कारण तेल-तूप पचवणारे लायपेज त्यांत पुरेसे नसते.

आता नाजूक प्रश्न. या कॅप्सूलमधील पॅन्क्रिएटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून तयार केलेले असते. आपल्या घरांत ही गोष्ट कोणाकडून तरी कळते, डबीवरचे बारीक अक्षर कोणी तरी वाचतो, आणि रुग्ण एक शब्द न बोलता औषध बंद करतो. डॉक्टरांना वाटते, औषध चालू आहे. वजन पुन्हा घटते, मात्रा वाढवली जाते, तीही कपाटात पडून राहते. अशा गुपचूप बंद केलेल्या औषधाने माणूस खचतो आणि डॉक्टरही चुकीच्या वाटेने जातात.

मी मुफ्ती नाही आणि फतवा देणे हे माझे काम नाही. जीव वाचवण्याची निकड आणि दुसरा योग्य पर्याय नसणे, या गोष्टींचा विचार आपल्या शरीअतमध्ये फार पूर्वीपासून झालेला आहे, हे आपण सर्वजण जाणता. माझी विनंती एवढीच, की हा प्रश्न मनात दडवून ठेवू नका. प्रथम डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा : हे औषध कशापासून बनते, माझ्यासाठी ते किती गरजेचे आहे, दुसरे काही तितकेच उपयोगी पडेल काय? ही तीन उत्तरे घेऊन ज्यांच्या इल्मवर आपला भरवसा आहे अशा आलिमांकडे जा. आलिमांना पूर्ण हकीकत कळल्याशिवाय योग्य सल्ला देता येत नाही. निर्णय काहीही होवो, तो डॉक्टरांना कळवा. तसेच डॉक्टर मंडळींनाही माझे सांगणे आहे, की मुसलमान रुग्णाला ही कॅप्सूल लिहून देताना तिचा उगम आपणहून सांगावा. विश्वासाने दिलेले औषध घेतले जाते, लपवलेले फेकले जाते.

रमजानविषयीही अनेक जण विचारतात. कॅप्सूल अन्नाबरोबरच घ्यायची असल्याने ती इफ्तार आणि सेहरीच्या जेवणाबरोबर घेतली जाते. परंतु ज्याला या आजारामुळे मधुमेहही झाला आहे आणि जो इन्शुलिन घेतो, त्याची साखर एकाएकी फार खाली जाऊ शकते. त्याने रोजे ठेवण्यापूर्वी महिना-दीड महिना आधी डॉक्टरांची भेट घ्यावी. आयत्या वेळी नव्हे.

याखेरीज विडी-सिगारेट आणि दारू पूर्ण बंद, जीवनसत्त्वांची कमतरता भरून काढणे, साखर तपासत राहणे, आणि खड्यांमुळे दुखत असेल तर ते फोडण्याचे किंवा शस्त्रक्रियेचे उपचार, हे सर्व आज शक्य आहे. केरळात त्या काळी ज्या वयात रुग्ण दगावत, त्या वयाच्या कितीतरी पुढे आजचे रुग्ण कामधंदा करीत, संसार करीत जगतात. मात्र या आजारात पुढे कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांपेक्षा अधिक असतो, म्हणून बरे वाटू लागले तरी तपासणीसाठी जाणे सोडू नये.

विद्यार्थ्यांसाठी

शेवटी विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. बारावी विज्ञान झाल्यावर सर्वांनाच डॉक्टर होता येत नाही, आणि तसे होण्याची गरजही नाही. प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डी. एम. एल. टी. अभ्यासक्रम किंवा त्यातील पदवी घेऊन मुलामुलींना मानाचे काम मिळते. आपल्या समाजातील मुली या कामात पुढे आल्या तर त्याचा एक मोठा लाभ आहे. जी बहीण पुरुषापुढे आपली तक्रार सांगत नाही, ती तुमच्यापुढे सांगेल. डबी हातात देऊन नमुना कसा घ्यावा हे एका मुलीने दुसरीला चार वाक्यांत समजावले, तर पुष्कळ नमुने वाया जाणार नाहीत. घाण समजून ज्या वस्तूकडे लोक पाठ फिरवतात, तिच्यातून कोणाच्या तरी आयुष्याची वर्षे वाचवणारा आकडा काढणे, हे मन लावून करण्यासारखे काम आहे.

आणि पालकांनो, आज घरी गेल्यावर मुलाबाळांना, विशेषतः मुलींना, एवढेच सांगा, की पोटाची कोणतीही तक्रार आमच्यापासून लपवायची नाही. औषध पुढची गोष्ट, तपासणी त्याच्या आधीची. आणि तपासणीच्याही आधी घरात मोकळेपणाने निघालेला शब्द लागतो. तो शब्द तुमच्या घरात निघाला तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.